दोनशे तीस ग्रॅम

अप्पांनी पारड्यातली वजनं मोजली, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि वजनं पुन्हा मोजली. तेवढ्यानेच सगळे पुढे सरसावले. चाळीस वर्षं तराजू दुरुस्त करणारा हा माणूस, एकदा मोजलेलं दुसऱ्यांदा मोजत नसे.

"दोन किलो नऊशे सत्तर," अप्पा म्हणाले.

गेल्या रविवारी, दवाखान्यातून घरी आल्या आल्या, याच कारखान्यात, याच पितळी काट्यावर बाळ तीन किलो दोनशे भरलं होतं. म्हणजे एका आठवड्यात दोनशे तीस ग्रॅम गेले. दहा दिवसांच्या पोरीचे दोनशे तीस ग्रॅम म्हणजे काय गंमत आहे? तेवढ्यात तिचे दोन्ही पाय आणि वर एक कान आला असता.

सून खुर्चीतून उठली आणि तिने बाळाला पारड्यातून उचलून छातीशी घेतलं. पोरीला अजून नाव नव्हतं. आईबाप सकाळी एक नाव काढत आणि संध्याकाळी खोडत, त्यामुळे तोवर सगळे तिला 'गाठोडं' म्हणत. गाठोडं मजेत होतं. एक जांभई देऊन ते पुन्हा झोपलं.

"मी म्हटलं नव्हतं?" ताई म्हणाली.

ताई म्हणजे नणंद. शाळेत मुख्याध्यापिका होती आणि घरी आल्यावरही ते काम चालूच ठेवायची. मनाने वाईट नव्हती, पण तिच्यासमोर उभं राहिलं की कुणालाही आपली वही अपुरी आहे असं वाटायचं. तिने पिशवीतून दुधाच्या पावडरीचा डबा काढला आणि कामाच्या टेबलावर ठेवला.

"हा आधीच आणला होता तुम्ही?" सुनेने विचारलं.

"खबरदारी म्हणून."

"म्हणजे मी नापास होणार हे आधीच ठरलं होतं."

"असं वाकडं घेऊ नकोस गं. यात तुझा काय दोष? एखादीला पुरेसं दूध येत नाही. आईला नव्हतं आलं. हा बघ ना, बाटलीवरच वाढला."

'हा' म्हणजे सुनेचा नवरा. तान्हा असताना अगदीच वाळकुडा, म्हणून छटाक हे नाव पडलं. पुढे सहा फूट वाढून दरवाज्यांना डोकं आपटायला लागला तरी नाव काही सुटलं नाही. आत्ताही तो छताच्या तुळईखाली मान वाकवून उभा होता आणि कुणाच्याच डोळ्याला डोळा भिडवत नव्हता.

आई, म्हणजे सासूबाई, खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांचं तोंड एरवी झोपेत तेवढं बंद असायचं. आज त्या सकाळपासून गप्प होत्या आणि सुनेला हे डब्यापेक्षाही जास्त लागलं. आठवडाभर त्यांनी तिला हातावर झेललं होतं. आज नेमक्या वेळी त्यांनी तोंडाला कुलूप का लावावं?

आता हे काट्याचं प्रकरण सांगायला हवं. या घरात तीन पिढ्या तराजूंचं काम. दुकानदारांचे, सोनारांचे, गिरणीवाल्यांचे काटे इथे येत आणि खरे होऊन जात. घरात मूल आलं की घरातल्या कर्त्याने ते स्वतःच्या हाताने पणजोबांच्या पितळी काट्यावर तोलायचं, आणि पहिल्या दिवसाचं वजन भिंतीवरच्या पट्टीवर कोरायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या पट्टीवर गाठोड्याचा आकडा सगळ्यांत मोठा होता. अप्पांनी तो गावभर सांगितला होता. नुसता सांगून थांबले असते तर ते अप्पा कसले? दवाखान्याच्या कागदावर घरी सोडतानाचं वजन दोन किलो नऊशे लिहिलेलं होतं. अप्पा दुसऱ्याच दिवशी तिथे गेले, नर्सबाईंना म्हणाले, "तुमचा काटा तीनशे ग्रॅम खातो. पाठवून द्या, फुकट करून देतो."

"आज रात्रीपासून वरचं दूध सुरू करू," ताईने फर्मान काढलं. "उद्या डॉक्टरांना दाखवू. आणि महिनाभर मी इथेच येऊन राहते. म्हणजे वेळापत्रक नीट लागेल."

"डॉक्टरांना जरूर दाखवू," सून म्हणाली. "मीच नेणार आहे. पण बाटली नाही. ती पोटभर पितेय. दिवसाला सात-आठ दुपटी ओली करतेय. आणि ती वाढलीय."

"वाढलीय? समोर काटा दिसत असताना?"

"माझा हात सांगतोय."

सून बेकरीत होती. पहाटे चारला उठून मळलेल्या पिठाचे गोळे तोडायचे, एकेक चारशे ग्रॅमचा, दिवसाला सहाशे. बारा वर्षांत तिचा हात असा तयार झाला होता की दहा ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर बोटं थांबायची. लग्न ठरताना अप्पांनी तिची परीक्षाच घेतली होती. पंधरा गोळे तिने न तोलता तोडले, अप्पांनी एकेक काट्यावर चढवला आणि पंधराव्यानंतर छटाकला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला सोडू नकोस."

पण ते पिठाचे गोळे होते. आज प्रश्न घरच्या काट्याचा होता.

"हात चुकतो गं, पोरी," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "दमलेला हात तर चुकतोच. काट्याला दमायला होत नाही."

"मग काट्याचा पहिला आकडा चुकला असेल."

बाप रे! ताईने श्वास आत घेतला तो बाहेर सोडायलाच विसरली. छटाकने मान वर केली आणि तुळईवर डोकं आपटून घेतलं. या घरात लोक एकमेकांना खोटारडं म्हणत, कंजूष म्हणत, ताईला तर तोंडावर हुकूमशहा म्हणत. पण अप्पांचं तोलणं चुकलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"मी आधी काटा रिकामा बघितला होता," अप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण कान लाल झाले होते. "रिकामा काटा सरळ उभा राहिल्याशिवाय मी त्यावर सुपारीसुद्धा ठेवत नाही. विचार सगळ्यांना."

"बघितलाच असणार," ताई म्हणाली. "अप्पा न बघता तोलतील?"

"बघितला होता गं," छटाक म्हणाला. मग बायकोजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "हे बघ, दोनचार दिवसच देऊ बाटली. काय बिघडतं? मी बाटलीवरच वाढलो ना? पुढच्या रविवारी पुन्हा बघू."

"तू पण?" ती म्हणाली.

तिला त्या क्षणी त्याचा भयंकर राग आला. आठवडाभर रात्ररात्र शेजारी बसून पोरीचं पिणं बघणारा हा, तिच्या गालावर दूध सांडलं की हसणारा हा, आणि आता एका आकड्यापुढे शेपूट घालून मोकळा! आणि रागाच्या खाली खरी भीती होती. हातच चुकला असेल तर? आई झाल्यावर दहा दिवसांत तिचा हातच फसवायला लागला असेल, आणि तिच्या हट्टापायी ही पोर उपाशी राहत असेल तर? तिने गाठोड्याला दोन्ही तळहातांवर आडवं घेतलं, डोळे मिटले आणि मनातली भीती बाजूला ठेवून फक्त वजन ऐकलं. घरी आणताना होती त्यापेक्षा जास्त. थोडीच, पण जास्त. यात शंका नव्हती.

तिने डोळे उघडले. "आमच्या बेकरीत एखादा घाणा बिघडला ना, तर आम्ही भांडत बसत नाही. पहिल्यापासून पुन्हा करून बघतो. कोणी काय टाकलं, कधी टाकलं, तो तेव्हा कुठे उभा होता. अप्पा, मला गेल्या रविवारचं तोलणं पहिल्यापासून करून दाखवा. जसंच्या तसं. त्यातून काही निघालं नाही तर बाटली मी माझ्या हाताने भरीन."

"पोरकटपणा आहे हा," ताई म्हणाली.

अप्पांनी लेकीकडे बघितलं, मग सुनेकडे. कुणी येऊन 'काटा तपासून द्या' म्हटलं तर नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गिऱ्हाईक घरचं होतं एवढंच. "बरोबर बोलतेय ती," ते म्हणाले. "तपासायला काय भ्यायचं? करू. पण पोरीला पुन्हा पुन्हा चढवायचं नाही."

"पोर कशाला?" सून म्हणाली, "दोन किलोची मैद्याची पिशवी आहे वरती. माझ्या बेकरीतली, बंद."

छटाक तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला आणि पिशवी कडेवर घेऊन खाली आला. दोन मिनिटांपूर्वी जे बोलला ते त्याला आता खुपत होतं, हे त्याच्या धावण्यावरूनच कळत होतं.

"पारडी आधी होती तशी करा," सून म्हणाली. "तेव्हा काय होतं त्यात?"

"काही नाही. रिकामी." अप्पांनी बाळाच्या पारड्यातलं घडी घातलेलं जाड दुपटं काढून ताईच्या हातात दिलं आणि वजनांचं पारडंही मोकळं केलं.

"तू कुठे होतास?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुझ्यामागे. तुझी पिशवी, औषधं, उशी, सगळं माझ्याच गळ्यात होतं."

"मग जा मागे. ताई, तुम्ही?"

"मी नव्हतेच अजून. मी मागाहून आले, रिक्षा मिळत नव्हती."

"मग दाराबाहेर व्हा."

मुख्याध्यापिकाबाईंना वर्गाबाहेर उभं राहायची सवय नव्हती. पण त्या गेल्या, हातात दुपटं घेऊन, नाक उडवत.

"मी या खुर्चीत होते," सून म्हणाली. "टाके दुखत होते, म्हणून मी खालीच बघत होते. आई तिथेच होत्या, खिडकीपाशी. हं, अप्पा. सुरू करा."

अप्पांनी काट्याची दांडी बोटाने हलवली आणि सोडली. दांडी डुलली, मंदावली, सरळ उभी राहिली. "रिकामा काटा खरा," ते म्हणाले. हे ते प्रत्येक वेळी म्हणत.

"मग?"

"मग मी म्हटलं, आणा बाळाला. याने तुझ्याकडून घेतलं, माझ्याकडे दिलं. मी ठेवणार, इतक्यात..."

इतक्यात दारातून ताई आली. खरं तर तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आठवडाभरापूर्वी ती नेमकी याच वेळी आली होती, आणि सांगितलेलं काम चोख करणं हा तिचा जन्मजात दोष होता. "अहो अप्पा, थंडगार पितळेवर ठेवताय की काय लेकराला!" ती तेव्हाच्याच सुरात म्हणाली, पुढे झाली आणि हातातलं दुपटं चार पदरी करून पारड्यात अंथरलं.

अप्पांनी त्यावर मैद्याची पिशवी ठेवली.

अप्पांचा हात पिशवीवरच राहिला होता. सुनेला दिसलं की त्यांना कळलंय. ते तिथेच थांबू शकले असते. 'बरं, पुरे' म्हणून पिशवी उचलू शकले असते. पण त्यांनी वजनं घेतली आणि एकेक करून समोरच्या पारड्यात ठेवली. किलोचं एक, किलोचं दुसरं. दांडी हलली नाही. मग दोनशेचं. मग शंभराचं. दांडी डुलली आणि सरळ उभी राहिली.

"दोन किलो तीनशे," अप्पा म्हणाले. "दोन किलोचा मैदा. तीनशेचं दुपटं." त्यांनी दुपट्यावर बोट ठेवलं. "आजच्याला दुपटं आधीपासून आत होतं. मी त्यासकट काटा सरळ केला, मग पोरीला ठेवलं. गेल्या रविवारी आधी काटा सरळ केला आणि मग दुपटं आलं. काटा दोन्ही वेळा खरा होता. चुकलो मी."

"पण अप्पा, आम्ही सगळेच होतो की," छटाक म्हणाला. "पाच माणसं! तराजूवाल्यांच्या घरातली पाच माणसं, आणि एकालाही दुपटं दिसलं नाही?"

"कुणी पारड्याकडे बघतच नव्हतं रे," अप्पा म्हणाले. "सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मी पण."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सुनेने मनात हिशेब केला. तीन किलो दोनशेतून तीनशे गेले की दोन नऊशे. आज दोन नऊशे सत्तर. "सत्तर ग्रॅम वाढलीय," ती म्हणाली, आणि सकाळपासून कोरडे ठेवलेले डोळे आता एकदम भरून वाहायला लागले. भांडताना नाही, जिंकल्यावर. तिला स्वतःचाच वैताग आला, पण रडू काही थांबेना.

छटाक तिच्या खुर्चीशेजारी खाली बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तुझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं मी."

"हो, हवं होतं," ती नाक पुसत म्हणाली. "पुढच्या वेळी राहा."

"राहीन." मग थोड्या वेळाने त्याला सुचलं, "म्हणजे दवाखान्याचा काटा बरोबर होता."

अप्पा मटकन स्टुलावर बसले. पट्टीवरचा आकडा खोडावा लागणार याचं त्यांना तितकं दुःख झालं नव्हतं. "अगदी ग्रॅमपर्यंत बरोबर," ते पुटपुटले. "आणि मी त्या बाईला तोंडावर... उद्या तुमच्याबरोबर मी येतो. माफी मागायला हवी." ते सुनेकडे वळले. "तुझी आधी. हात चुकतो म्हणालो तुला. नव्हता चुकला."

ताईने डबा उचलला आणि पिशवीत टाकला. तिचं तोंड पडलं होतं. "दुपटं मीच घातलं आणि वरून मीच तुला शिकवत बसले. रागावू नकोस गं. माझ्या धाकट्याच्या वेळी खरंच कमी पडलं होतं. तेव्हापासून घाबरते मी."

"माहीत आहे, ताई. पण महिनाभर राहायला येऊ नका." सगळे हसले, ताईसुद्धा. कारखान्यातली हवा मोकळी झाली. छटाक चहा टाकायला म्हणून वळला.

"अहो," आई म्हणाल्या.

सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द. त्या अजून खिडकीपाशीच बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून.

"याच्या वेळी दुपटं मी घातलं होतं."

कुणाला काही उमगलं नाही. अप्पांनी मात्र मान वर केली.

"ताई झाली तेव्हा उन्हाळा होता. हा झाला तो थंडीत," आई म्हणाल्या. "मामंजींनी काटा सरळ केला, आणि मला राहवलं नाही. मी अंगावरची शाल काढली, घडी केली आणि घातली पारड्यात. मामंजी हसले, म्हणाले, घाल बाई, घाल. आणि पुढच्या रविवारी शाल आधीपासून आत होती. हा कमी भरला. त्याच संध्याकाळी बाटली आली." त्या सुनेकडे बघत होत्या. "मला वाटत होतं गं, हा पोटभर पितोय. मलाही वाटत होतं. पण काट्यापुढे मी कोण? एक अक्षर बोलले नाही. मग दूध आटलंच. आज सकाळी काटा निघाला तेव्हापासून तेच डोळ्यांसमोर होतं, आणि तुला बोलताना बघितलं तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. चौतीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, माझ्याकडेच दूध कमी होतं."

छटाक दारात उभा राहिला होता, हातात किटली घेऊन. एवढा मोठा माणूस, पण चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला होता.

अप्पा उठले. बायकोसमोर जाऊन उभे राहिले. "तुझं दूध कमी नव्हतं," ते म्हणाले.

"मोठ्याने बोला. पोरांना ऐकू गेलं पाहिजे."

"हिचं दूध कमी नव्हतं!" अप्पा म्हणाले, गिऱ्हाइकाला वजन सांगतात त्या खणखणीत आवाजात. "आम्ही चुकलो. माझे वडील चुकले, आणि मी तिथे उभा असून चुकलो."

आईंनी मान हलवली. दोनदा, सावकाश. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि उठल्या. एवढ्यात गाठोडं जागं झालं आणि कारखाना दणाणून टाकेल असा सूर लावला. आईंनी खुर्ची ओढली, ती सुनेच्या खुर्चीला अगदी खेटून ठेवली आणि तिच्यात ऐसपैस बसल्या.

"निघा आता सगळे. तिला भूक लागलीय."

"मीसुद्धा?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही आधी," आई म्हणाल्या.